जयंतीचा जमाखर्च

(बी. कॉम. भाग २)

१४ एप्रिल जवळ आला की आपल्या महाविद्यालयाच्या फलकावर वक्तृत्व स्पर्धेचा विषय लागतो : ‘डॉ. आंबेडकर : जीवन व कार्य’. पहिला क्रमांक मिळवणाऱ्या भाषणाचा क्रमही आता पाठ झाला आहे. महाड, काळाराम मंदिर, पुणे करार, घटना समिती आणि शेवटी नागपूर. या स्पर्धेत मीही दोनदा बोलले आहे, तेव्हा तिला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. पण वाणिज्य शाखेच्या मुलीला एक खोड असते. कोणतीही गोष्ट समोर आली की ती जमेला धरायची की खर्चाला, हे तिला विचारावेसे वाटते. बाबासाहेबांचा वारसा आपल्याकडे आला, हे खरे. तो आपण कोणत्या खात्यावर लिहून ठेवला आहे?

प्रश्न मला सुचला तो निपाणीत नव्हे, सुरतेत. माझे घर सुरतेला आहे. निपाणी हे आईचे माहेर. बारावीनंतर आजीकडे राहून शिकायला मी इकडे आले. माझे आजोबा १९७२ च्या दुष्काळात धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाजवळच्या खेड्यातून तापी काठाच्या रेल्वेने सुरतेला उतरले आणि लूम्सच्या खात्यात लागले. वडील पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये जेट मशीनवर आहेत. घरी अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती अशी आमची वाढ. निपाणीत मैत्रिणी विचारतात, “सुरतेत मराठी शाळा?” हो, आहेत. सुरत महानगरपालिका मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा अनेक माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालवते, कारण लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत निम्मा हिंदुस्थान कापडाच्या निमित्ताने येऊन राहिला आहे. खानदेशातून आलेली आमची वस्ती त्यांतलीच एक.

त्या वस्तीतली जयंती पाहण्यासारखी असते. तेरा तारखेच्या रात्रीपासून निळे पताके, पंचशील ध्वज, बुद्धवंदना. चौदाला गल्लीगल्लीतून निघालेल्या मिरवणुका मान दरवाजाच्या पुतळ्याकडे जातात. बायका पांढऱ्या साड्या नेसतात. सुरतेची साडी साऱ्या देशात जाते. त्या दिवशी मात्र जिच्या बोटांनी वर्षभर दुसऱ्यांच्या साड्यांचे धागे कापले, ती स्वतःची नवी साडी नेसून रस्त्याच्या मधोमध चालते.

मधोमध हा शब्द मी मुद्दाम लिहिला. “इतका गोंगाट, इतका पैसा कशाला?” असे विचारणारे आपल्या प्राध्यापक कक्षातही आहेत आणि सुरतेच्या सोसायट्यांतही आहेत. मिरवणूक नकोच, असे म्हणणारा माणूस बहुधा असा असतो की ज्याला रस्ता कधी कुणी नाकारलेला नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला जे घडले तेही, वरवर पाहिले तर, काही हजार माणसे रांगेने एका तळ्यापर्यंत चालत गेली एवढेच होते. बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या माणसाला वर्षातून एक दिवस शहराने पाहिले पाहिजे. तेव्हा मिरवणूक बंद करा असे मी म्हणत नाही. डीजेचा आवाज कमी करा असे म्हणते, पण ते माझ्या आजीच्या कानांसाठी.

माझे म्हणणे मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवसाविषयी आहे. जयंतीच्या आधी महिनाभर मंडळाची मुले पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतात. घरटी वर्गणी ठरलेली असते आणि कोणी नाही म्हणत नाही. ज्या घरात गॅसचे सिलिंडर उसने आणले जाते, तेही घर देते. समजा एका गल्लीत २०० घरे आहेत आणि घरटी ५०० रुपये जमले, तर एक लाख होतात. कोणतीही बँक तारण घेतल्याशिवाय आमच्या गल्लीला एक लाख रुपये देणार नाही. पण आम्ही स्वतःच्या शब्दावर, एका महिन्यात, बिनबोभाट ते उभे करतो. ही पतच आहे. वाणिज्याच्या पुस्तकात तिला दुसरे नाव नाही. आणि १५ एप्रिलला ते पावतीपुस्तक कपाटात जाते. अकरा महिने पत पडून राहते.

बाबासाहेबांनी तसे केले नव्हते. भाषणांच्या स्पर्धेत त्यांचे जे आयुष्य येत नाही, ते बरेचसे या अकरा महिन्यांचे आहे. १९२४ साली त्यांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. ‘शिका, चेतवा, संघटित व्हा’ हे ब्रीद सर्वांना माहीत असते, पण सभेचे उद्देश काय होते? वसतिगृहे काढणे, वाचनालये आणि अभ्यासवर्ग चालवणे, उद्योग आणि शेतीचे शिक्षण देणे. पुढच्याच वर्षी, १९२५ च्या जानेवारीत, सभेने सोलापूरला वसतिगृह सुरू केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते आपल्या निपाणीला परिषदेसाठी आले होते. १९२९ साली धारवाडला वसतिगृह निघाले आणि बळवंतराव वराळे यांनी ते सांभाळले. वसतिगृह म्हणजे काय? किती ज्वारी लागली, रॉकेल किती, कोणत्या मुलाचे पांघरूण फाटले, सरकारी अनुदानाचा अर्ज केव्हा पाठवायचा. हे सगळे कोणी तरी रोज वहीत लिहीत असणार. त्या वह्यांची मिरवणूक निघत नाही.

ते स्वतःही अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते, हे आमच्या शाखेने तरी विसरू नये. १९२३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा लंडनचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर आहे. आणि ते न्यूयॉर्कला पोहोचले ते सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. साडेअकरा पौंड वेळेवर आले नसते तर? सुरतेच्या माणसाला आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. १९१३ साली बडोद्याच्या नोकरीवर रुजू होऊन थोडेच दिवस झाले होते, तोच वडील आजारी असल्याची तार आली. मुंबईला निघालेले भीमराव वडिलांसाठी मिठाई घ्यायला सुरत स्टेशनवर उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी ते पोहोचले. २ फेब्रुवारीला वडील गेले. त्या फलाटावरून मी दर सुट्टीत जाते-येते. घरच्यांसाठी खाऊ घेणाऱ्या मुलांची तिथे आजही गर्दी असते.

आता थोडे दूरचे सांगते. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. तिथल्या कृष्णवर्णीयांनी आपला प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेला होता आणि त्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. अर्जाची प्रत मागणे, हेही चळवळीचे काम असते. पुढे १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले तेही तिकडच्या ब्लॅक पँथर पक्षाचे. नाव आपण घेतले, नखे आणि डरकाळीही घेतली. पण त्या पक्षाने १९६९ च्या जानेवारीत ओकलंडच्या एका चर्चमध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांना सकाळची न्याहारी द्यायला सुरुवात केली होती, ती गोष्ट आपल्याकडे फारशी पोहोचली नाही.

माँटगोमेरीच्या बस बहिष्काराबद्दल आपण ऐकतो ते रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्यामुळे. मला त्यातली आवडती गोष्ट वेगळी आहे. ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस हजारो कृष्णवर्णीय माणसे बसमध्ये चढली नाहीत. मग ती कामावर गेली कशी? बरीचशी पायी. बाकीच्यांसाठी तीनशेच्या आसपास खाजगी मोटारी, त्यांचे थांबे, त्यांच्या वेळा, पेट्रोलचा हिशेब अशी एक वाहतूक संस्थाच लोकांनी उभी केली. गोऱ्या सत्तेला हे मोडता येईना, तेव्हा चर्चच्या गाड्यांचे विमे रद्द होऊ लागले. विमा नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. तेव्हा अटलांटाच्या एका कृष्णवर्णीय विमा प्रतिनिधीने थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवून दिला. आणि पेट्रोलचे पैसे? जॉर्जिया गिल्मोर नावाच्या एका स्वयंपाकीण बाईने मैत्रिणींना जमवून जेवणे आणि केक विकले आणि दर आठवड्याला रक्कम आणून दिली. कोणाचे नाव उघड होऊन नोकरी जाऊ नये म्हणून त्या गटाचे नावच त्यांनी ‘कुठूनही न आलेल्यांचा क्लब’ अशा अर्थाचे ठेवले होते. विम्याचा कागद आणि केकचे पैसे यांच्यावर एक इतिहास चालत होता. आम्हाला विमा हा विषय शिकवताना हे उदाहरण कुणी का देत नाही, असा प्रश्न मी वर्गात विचारला होता. सरांनी लिहून घेतले.

किंग यांच्या जन्मदिनाची तिकडे राष्ट्रीय सुट्टी असते. १९९४ साली कायदा करून तो दिवस सेवेचा म्हणून ठरवण्यात आला. लोक त्या दिवशी शाळा रंगवतात, धान्य वाटतात. चांगले आहे. तथापि एका दिवसाच्या सेवेनेही माझे समाधान होत नाही. आमच्या वस्तीत जे अडते ते एका दिवसात सुटणारे नसते. उदाहरण म्हणून एकच कागद घेते, जातीचा दाखला.

घटनेच्या ३४१ व्या कलमाप्रमाणे अनुसूचित जातींची यादी राज्यवार आहे. एका राज्यातल्या यादीतला माणूस दुसऱ्या राज्यात राहायला गेला तर तिथल्या राज्य सरकारच्या सवलती त्याला मिळत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मारी चंद्रशेखर राव खटल्यात सांगितले आणि २०१८ साली बीर सिंग खटल्यात घटनापीठाने ते कायम केले. त्याची कारणे आहेत. यजमान राज्यातल्या दलितांचा वाटा कमी होऊ नये हे त्यांतले एक, आणि ते मला पटते. पण परिणाम काय होतो पाहा. १० ऑगस्ट १९५० रोजी तुमचे कुटुंब कुठे राहत होते, हा प्रश्न विचारला जातो. आमचे आजोबा त्या दिवशी दोंडाईचाजवळ गुरे राखत होते. म्हणून सुरतेत जन्मलेल्या माझ्या वडिलांना आणि सुरतेत जन्मलेल्या मला दाखल्यासाठी धुळे जिल्ह्यात जावे लागते. मजा अशी की १९५० साली धुळे, सुरत आणि ही निपाणी, तिन्ही एकाच मुंबई राज्यात होती! १९५६ साली निपाणी तिकडून निघाली, १९६० साली सुरत वेगळी झाली. आम्ही हललो त्यापेक्षा सीमाच जास्त हलल्या.

दाखला काढणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरात तयार दाखला आहे त्याला कळणार नाही. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मागतात. आजोबा शाळेत गेलेच नाहीत, मग सोडणार काय? तेव्हा कोतवाल बुकाची नक्कल काढायची. जुन्या नोंदी कधी मोडीत असतात. त्या वाचणारा शोधायचा. सुरतेहून एकेका खेपेला वडिलांचा खाडा पडतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. बाबू नसला की दुसरा खाडा. माझ्या मोठ्या भावाला बारावीला चांगले गुण होते. प्रवेशाची मुदत जुलैत संपली आणि दाखला नोव्हेंबरात हातात आला. तो आता वडिलांच्याच मिलमध्ये आहे. पाळी बदलताना दोघे फाटकात एकमेकांना भेटतात.

आणि तो दाखला निरुपयोगी होता का? मुळीच नाही. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत आणि केंद्रीय शिक्षणसंस्थांत तो देशभर चालतो. सुरतेतच असलेल्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत चालतो, राज्य सरकारच्या जागांना चालत नाही. बौद्ध म्हणून नोंद असली तरी १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. वडिलांच्या दाखल्यावरून मुलाला तो राहत्या राज्यातूनही, मूळ राज्याच्या उल्लेखासह, मिळू शकतो. ही माहिती गुप्त नाही. पण आमच्या गल्लीत ती कोणाला नव्हती. एक लाख रुपये उभे करणाऱ्या गल्लीत नव्हती.

गेल्या वर्षी सुट्टीत गेले तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांनी एक गोष्ट सुरू केली. या बायका घरी धागा कटिंग करतात आणि त्यांची वीस जणींची भिशी आहे, महिना ५०० रुपये. दर महिन्याला दहा हजार एकीला जातात. त्यांनी ठरवले की ज्या घरात दाखल्याचे काम अडले असेल त्या घराला भिशी आधी द्यायची, म्हणजे खेपांचा खर्च आणि खाड्याची मजुरी भागते. दुसरे, प्रत्येक घराची एक फाइल करायची. जन्मदाखला, शाळेचे कागद, गावाचे नाव, तालुका, आजोबांचे पूर्ण नाव, कोणाकडे काय कमी आहे. मुलगा आठवीत असतानाच सुरू करायचे, बारावीत नव्हे. फाइली मी आणि एक मैत्रीण लिहून देतो. पहिल्या उन्हाळ्यात एकतीस फाइली झाल्या. त्यांतले चार दाखले आतापर्यंत आले. चार म्हणजे थोडे, हे मला समजते. पण या चौघांतली एक मुलगी यंदा दहावीला आहे आणि तिच्या हातात दाखला आहे. आमच्या गल्लीत असे पूर्वी कधी झाले नव्हते.

मंडळाच्या अध्यक्षकाकांना आम्ही विचारले की वर्गणीतला दहावा हिस्सा या कामाला द्याल का. ते चांगले गृहस्थ आहेत. दंगा होऊ नये म्हणून मिरवणुकीच्या रात्री झोपत नाहीत. म्हणाले, “ताई, हे काम सरकारचं आहे. आपण करायला लागलो तर सरकार सुटेल.” या आक्षेपात तथ्य आहे. पण सरकारला धरायचे असेल तर हातात काही तरी असावे लागते. एकतीस फाइली घेऊन गेलेला माणूस आणि हात जोडून गेलेला माणूस यांच्याशी कचेरी वेगवेगळी बोलते, हा आमचा अनुभव आहे. दुसरे एक जण म्हणाले की पोरांना डीजे नसला तर पोरे वर्गणी मागायला येणार नाहीत. त्यावर भिशीतल्या एक काकू म्हणाल्या, “मग आम्ही येतो मागायला.” सभेत हशा झाला, पण पावतीपुस्तक अजून बायकांच्या हातात आलेले नाही. गल्लीचा हिशेब ज्या ठेवतात त्यांना मंडळाच्या हिशेबात जागा नाही. ज्यांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले त्यांच्या जयंतीच्या मंडळात हे शोभत नाही, आणि हे मी काकांना तोंडावरही सांगितले आहे.

कन्नड विभाग वाचणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनाही हा विषय परका वाटू नये. विजापूर, गुलबर्गा, बागलकोट या भागांतली किती कुटुंबे गोव्यात बांधकामावर आहेत! त्यांची मुले तिथेच जन्मतात, तिथेच शिकतात आणि बारावीला पोहोचली की त्यांनाही हाच प्रश्न विचारला जातो : १९५० साली आजोबा कुठे होते? कर्नाटकात बी. कृष्णप्पांच्या दलित संघर्ष समितीने सत्तरीच्या दशकापासून खेड्याखेड्यांत पाय रोवले. ज्यांच्या घरी तिचे जुने कार्यकर्ते आहेत त्यांनी या स्थलांतरितांच्या कागदांचे काय करता येईल ते त्यांना विचारावे. दोन भाषांत एकच माहितीपत्रक काढता येईल. कन्नड मजकूर कोणी लिहून देत असेल तर मराठी आणि गुजराती मी लिहीन. माझे कन्नड अजून बाजारापुरतेच आहे आणि आजी त्यालाही हसते.

यंदाच्या जयंतीला मान दरवाजाकडे निघण्यापूर्वी आमच्या गल्लीच्या मांडवात सकाळी दहा ते बारा एक टेबल असेल. अध्यक्षकाकांनी टेबल आणि दोन खुर्च्या द्यायचे कबूल केले आहे. दहाव्या हिश्श्याचे अजून बोलत नाहीत. येणाऱ्याने आजोबांचे पूर्ण नाव आणि गावाचा तालुका एवढे जरी आणले तरी फाइल सुरू होते. आमची अडचण सध्या निराळीच आहे. कोतवाल बुकाच्या पाच नकला मोडीत आल्या आहेत आणि सुरतेत त्या वाचणारे कोणी भेटलेले नाही. आपल्या महाविद्यालयात इतिहास विभागात किंवा कोणाच्या घरी वडीलधाऱ्यांत मोडी वाचणारे असतील, तर त्यांनी मला ग्रंथालयात गाठावे. दुपारी एक ते तीन मी तिथेच असते, नकला पिशवीत असतात.